आधी जाहिरात, मग प्रवेश

अन्न सुरक्षा अधिकारी या पदाची शैक्षणिक अर्हता एकदा नीट वाचून बघा. दिवाळीच्या तोंडावर खव्याचे आणि तेलाचे नमुने घ्यायला अन्न व औषध प्रशासनाची जी माणसं येतात, त्यांचं हे पद. केंद्राच्या २०११च्या नियमांप्रमाणे मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजीची नुसती पदवी असली तरी या पदाला अर्ज करता येतो. केमिस्ट्रीवाल्याचं मात्र पदवीवर भागत नाही, त्याला एमएस्सी लागते.

आता दुसरी जाहिरात घ्या, भारतीय वनसेवेची. तिथे पदवीला पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांतला किमान एक विषय हवा, किंवा मग शेती, वनविद्या, अभियांत्रिकी यांतली पदवी हवी. या यादीत मायक्रोबायोलॉजी नाही, बायोटेक्नॉलॉजी नाही, कॉम्प्युटर सायन्सही नाही. म्हणजे पहिल्या दारात जो केमिस्ट्रीवाला अडला, तो दुसऱ्या दारातून आत जातो, आणि पहिल्या दारातून सहज गेलेली बायोटेकवाली इथे बाहेर राहते. तिसरी जाहिरात भारतीय सांख्यिकी सेवेची. यूपीएससीच घेते. पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असला की पुरे. सोबतच्या आर्थिक सेवेला पदव्युत्तर पदवी लागते, हिला लागत नाही. तरीही टीवायच्या वर्गात या परीक्षेचं नाव विचारलं तर फारसे हात वर होत नाहीत.

हे तिन्ही नियम वेगवेगळ्या कार्यालयांनी, वेगवेगळ्या काळात, आपापल्या गरजेनुसार लिहिलेले आहेत. त्यांच्यात ताळमेळ नाही आणि तो कुणी घालेल अशी आशाही करू नये. पण बारावीनंतर बीएस्सीला विषय निवडताना घरात जी चर्चा होते, तिच्यात हे नियम कुठेच नसतात. चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: स्कोप कशाला आहे? शेजारच्यांचा मुलगा बायोटेक करून पुण्याला लागला, मामेबहीण मायक्रो करून घरी बसली, एवढ्या भांडवलावर निर्णय होतो. माझं म्हणणं इतकंच की निवड उलट बाजूने करावी. बीएस्सीनंतर ज्या तीन-चार ठिकाणी जावंसं वाटेल, तिथल्या अर्हता आधी वाचायच्या आणि मग कॉलेजच्या फॉर्मवर खूण करायची. सतराव्या-अठराव्या वर्षी पुढचं सगळं आयुष्य ठरवता येत नाही, हे खरंच आहे. म्हणून तर जास्तीत जास्त दारं उघडी ठेवणारे विषय कोणते, हे त्या वयात माहीत असायला हवं.

बीएस्सीला येतं कोण, हेही एकदा स्पष्ट बोललं पाहिजे. आवडीने येणारे थोडे. बाकीच्यांची नीट हुकलेली असते, सीईटीत हवं ते कॉलेज मिळालेलं नसतं, किंवा इंजिनिअरिंगची फी घरच्यांना परवडणारी नसते. यांतला तिसरा गट बहुधा सगळ्यात नेटाने शिकतो. अवघड होतं ते पहिल्या, म्हणजे नीट हुकलेल्या, गटातल्या मुलांचं. एफवायला नाव घालायचं, वर्गात बसायचं नाही आणि घरी पुन्हा नीटचा अभ्यास करायचा. पुढच्या जूनमध्ये नीट लागली तर उत्तम. नाही लागली तर हातात एटीकेटी आणि कच्चा राहिलेला पाया. पुन्हा नीट द्यायचीच असेल तर सरळ ड्रॉप घ्यावा, आणि बीएस्सी करायची तर पहिल्या दिवसापासून करावी. दोन्ही सांभाळीन म्हणणाऱ्या मुलांचं बहुतेकदा दोन्हीकडे नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. पदवीच्या टक्क्यांनाही किंमत असते. भाभा अणुसंशोधन केंद्र किंवा तारापूरसारखी अणुवीज केंद्रं बीएस्सी झालेल्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात, तेव्हा पदवीला किमान ६० टक्के मागतात. एफवायला घालवलेलं वर्ष तिथे आडवं येतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने विषयनिवडीचा मामला आणखी गुंतागुंतीचा केला आहे. महाराष्ट्रात ते स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून लागू झालं. पूर्वी एफवायला तीन-चार विषय असायचे आणि टीवायपर्यंत त्यातला एक उरायचा. आता एक मेजर, एक मायनर, शिवाय दुसऱ्या शाखेतला ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, आणि या सगळ्याचे क्रेडिट. एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. कागदावर हे छान दिसतं. पण कौशल्याचे पेपर आणि मूल्यशिक्षण यांना जागा द्यायची म्हणून मूळ विषयाचे तास कमी झाले, अशी बहुतेक शिक्षकांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही.

या सगळ्यात विद्यार्थ्याच्या हातात खरी सत्ता असते ती मायनरच्या निवडीत, आणि तीच सगळ्यात निष्काळजीपणे वापरली जाते. मैत्रिणीने घेतला म्हणून मायनर, सर मार्क चांगले देतात म्हणून मायनर. झूलॉजी किंवा बॉटनी मेजर असलेल्याने शक्य असेल तर संख्याशास्त्र मायनर घ्यावं, असं मी आग्रहाने सांगतो. आजचं जीवशास्त्र आकड्यांवर चालतं. प्रयोगातला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवण्यापासून जीनोमच्या माहितीपर्यंत सगळीकडे ते लागतं. औषधांच्या क्लिनिकल ट्रायलचं काम करणाऱ्या कंपन्यांना जीवशास्त्र कळणारी आणि आर किंवा सॅसमध्ये प्रोग्रॅम लिहिणारी माणसं हवी असतात, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसात क्वचित सापडतात. माधव गाडगीळ १९६३मध्ये फर्ग्युसनमधून जीवशास्त्र घेऊन पदवीधर झाले, मुंबई विद्यापीठातून एमएस्सी झाले आणि हार्वर्डला जाऊन १९६९मध्ये गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आले. त्या काळी आपल्याकडे जीवशास्त्राचा विद्यार्थी गणिताच्या वर्गाकडे फिरकतही नसे.

उलट बाजूने, फिजिक्स मेजर घेतलेल्याने कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स मायनर घेतलं तर पुढे एमसीएपासून इन्स्ट्रुमेंटेशनपर्यंत बरंच काही खुलं राहतं. बारावीला गणित सोडलेल्याला यातलं बरंच बंद होतं. बीएस्सीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगमध्ये जाण्याची सोय आहे, पण तीही बारावीला गणित असलेल्यांनाच. अकरावीत ‘बायो घेतलंय ना, मग गणित कशाला’ असं म्हणून घेतलेल्या निर्णयाचं बिल चार-पाच वर्षांनी येतं.

नव्या नावांच्या पदव्यांबद्दलही बोलायला हवं: फॉरेन्सिक सायन्स, डेटा सायन्स, नॅनोसायन्स, बायोइन्फॉर्मॅटिक्स. यातले बरेचसे अभ्यासक्रम कॉलेजच्या विनाअनुदानित विभागात चालतात. म्हणजे फी कितीतरी पट जास्त, आणि शिकवणारे बऱ्याचदा कंत्राटी. माझा कल जुन्या नावांकडे आहे. पहिली पदवी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, संख्याशास्त्र, बॉटनी, झूलॉजी, जिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी अशा पोक्त विषयात घ्यावी आणि विशेष शाखेकडे एमएस्सीला वळावं. केमिस्ट्रीवाला पुढे फॉरेन्सिककडे जाऊ शकतो, फॉरेन्सिकवाल्याला केमिस्ट्रीकडे येणं अवघड असतं. याला एक मोठा अपवाद आहे. पुणे विद्यापीठाची बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स ही पदवी गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्ससह शिकवली जात आली आहे. चांगल्या कॉलेजातून ती केलेली मुलं आयटीत इंजिनिअरांच्या बरोबरीने काम करतात. जिऑलॉजीचं नाव मी मुद्दाम घेतलं. हा विषय मोजक्याच कॉलेजांत आहे आणि विद्यार्थीही मोजकेच असतात. पण एमएस्सी केल्यावर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, केंद्रीय भूजल मंडळ, राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, खाणी आणि बोगद्यांची कामं असं क्षेत्र समोर असतं. त्याच्यासाठी उमेदवारांची तशी झुंबड नसते.

केमिस्ट्रीचे सर्वांत जास्त पदवीधर जिथे जातात, ती जागा जवळून बघू. लोटे परशुराम, महाड, तळोजा, तारापूर, कुरकुंभ. औषध आणि रसायन कारखान्यांच्या या पट्ट्यांत क्वालिटी कंट्रोलची, म्हणजे क्यूसीची, प्रयोगशाळा असते आणि बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या पोराची पहिली नोकरी बहुधा तिथे लागते. सकाळी सातच्या शिफ्टला कंपनीची बस. आत गेल्यावर कपडे बदलून ॲप्रन, टोपी, गॉगल. टेबलावर आधीच्या शिफ्टने ठेवलेले नमुने. एचपीएलसी मशीनवर मोबाइल फेज लावायची, कॉलम स्थिर होऊ द्यायचा, मग स्टँडर्डची पाच-सहा इंजेक्शनं द्यायची आणि त्यांच्यातला विचलनाचा आकडा साधारण दोन टक्क्यांच्या आत आला तरच खऱ्या नमुन्याकडे वळायचं. कॉलेजात हे मशीन त्याने इंडस्ट्रियल व्हिजिटला काचेपलीकडून पाहिलेलं असतं. ते शिकायला दोन-तीन महिने लागतात, त्याचं काही नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन करताना पहिलं रीडिंग ९.८ आलं, दुसरं १०.४, तिसरं ९.९, की जर्नलमध्ये तिन्ही वेळा ९.८ लिहायचं, हे आपल्याकडे अलिखित ठरलेलं आहे. सीनियरचं जर्नल समोर उघडं असतं. उत्तर काय यायला हवं ते आधीच माहीत असतं. चुकलं तर व्हाइटनर. क्यूसीत व्हाइटनर सापडणं हा गंभीर प्रकार आहे. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. नमुना मर्यादेबाहेर गेला तर ‘पुन्हा एकदा करून बघतो’ असं म्हणता येत नाही. त्याला ओओएस, म्हणजे आउट ऑफ स्पेसिफिकेशन, म्हणतात आणि आधी चौकशी होते, वजन कुणी केलं, काचेचं भांडं कुठलं, मशीनचं कॅलिब्रेशन कधीचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे तपासनीस आले की ते मशीनमधल्या फायलींच्या वेळा आणि रजिस्टरमधल्या वेळा जुळवून बघतात. आकडे ‘बसवल्याचं’ निघालं तर कंपनीची निर्यात अडकू शकते. तीन वर्षं जर्नल उतरवून काढलेल्या मुलाला हे सगळं जाचक वाटतं. ज्या कॉलेजात एखादा खमक्या शिक्षक ‘तुझं रीडिंग चुकलंय, पण तुझंच लिही’ असं म्हणतो, तिथली मुलं क्यूसीत लवकर स्थिरावतात.

या नोकरीत सुरुवातीचा पगार बेताचा असतो. रात्रपाळी असते. दोन-तीन वर्षांनी औषध परीक्षणासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली की माणसाची किंमत वाढते आणि तो कंपनी बदलतो. त्यापुढे आर अँड डीत जायचं तर बहुतेक ठिकाणी ऑरगॅनिक किंवा ॲनालिटिकलची एमएस्सी मागतात. नोकरी सांभाळून ती करणं कठीण, कारण प्रॅक्टिकलची हजेरी. एमएस्सी करायची असेल तर आधीच करून घ्यावी.

संशोधनाकडे जायचं ज्याच्या मनात पक्कं आहे, त्याने साध्या कॉलेजच्या आधी काही दारं ठोठावून बघावीत. पुण्याची आयसर ही संस्था २००६मध्ये कोलकात्याच्या आयसरबरोबर सुरू झाली. आता देशात अशा सात आहेत. पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम. प्रवेशपरीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी या चारही विषयांचे सारखेच प्रश्न असतात, त्यामुळे बारावीला एक विषय सोडलेल्याला जरा जास्त घाम गाळावा लागतो. मुंबईत कलिना परिसरात विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं मिळून मूलभूत विज्ञानांचं केंद्र आहे. तिथला आणि भुवनेश्वरच्या नायसरचा प्रवेश नेस्ट या परीक्षेतून होतो. बंगळूरच्या आयआयएस्सीत २०११पासून चार वर्षांची पदवी आहे. गणिताचं वेड असलेल्याने चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट ही दोन नावं टिपून ठेवावीत. बारावीच्या वर्षात जेईई आणि नीटच्या धांदलीत या परीक्षांचे फॉर्म भरायचे राहून जातात.

इथे नंबर लागला नाही म्हणून काही बिघडत नाही. जिल्ह्याच्या कॉलेजातून बीएस्सी करून जॅम परीक्षेच्या जोरावर आयआयटीत एमएस्सीला गेलेली मुलं दरवर्षी असतात. जॅमला सात पेपर आहेत: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, गणिती संख्याशास्त्र, जिऑलॉजी, बायोटेक्नॉलॉजी आणि इकॉनॉमिक्स. बॉटनी, झूलॉजी, मायक्रोवाल्यांना बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्यावा लागतो. परीक्षा फेब्रुवारीत होते आणि अर्ज आधीच्या पावसाळ्याच्या शेवटाकडे सुरू होतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, प्रवेशपरीक्षा साधारण डिसेंबरात असते. म्हणजे ‘आधी टीवायचा निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्याचं पूर्ण वर्ष जातं. टीवायच्या दिवाळीत अर्ज भरून झालेले असले पाहिजेत आणि अभ्यास एसवायपासून चालू असला पाहिजे.

एसवायच्या उन्हाळ्यासाठी आणखी एक गोष्ट. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झाली तर दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं, विद्यावेतनासह. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी शिबिरं घेतं. या गोष्टींची पत्रकं कॉलेजच्या बोर्डावर लागतातच असं नाही. दोन महिने प्रयोगशाळेत घालवल्यावर आपल्याला संशोधन झेपतं की नाही हे समजतं, आणि ‘नाही’ हे उत्तर लवकर मिळालं तर तोही फायदाच.

पदवीचा विषय म्हणजे जन्माची गाठ, असं समजणाऱ्या पालकांना मी वेंकटरामन रामकृष्णन यांचं उदाहरण देतो. बडोद्यात वाढलेला हा मुलगा. वडिलांना वाटत होतं, त्याने डॉक्टर व्हावं. मुलाला विज्ञान प्रतिभा शोध शिष्यवृत्ती मिळाली आणि ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यालाच मिळत असल्यामुळे मेडिकल मागे पडलं. १९७१मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून फिजिक्सची बीएस्सी, अमेरिकेत १९७६मध्ये फिजिक्सचीच पीएचडी. त्यानंतर आपला विषय हा नव्हे असं वाटून गडी पुन्हा विद्यार्थी म्हणून जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला. २००९मध्ये रायबोसोमच्या रचनेबद्दल त्याला नोबेल मिळालं, तेही केमिस्ट्रीचं. अर्थात त्याच्याजवळ फिजिक्स पक्कं होतं, हे विसरून चालणार नाही.

प्राध्यापकीचं स्वप्न बघणाऱ्यांना मात्र खरं चित्र सांगायलाच हवं. एमएस्सी, नेट किंवा सेट, वर पीएचडी, आणि तरीही वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी माणसं महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजात आहेत. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही उशिरा, आणि सुट्टीत काहीच नाही. भरती निघते, थांबते, पुन्हा निघते. शिकवण्याची मनापासून ओढ असेल तर पर्याय म्हणून बीएड करून शाळेकडे बघावं. पण ‘लेक्चररशिप म्हणजे सुखाची नोकरी’ हा तीस वर्षांपूर्वीचा हिशेब आहे. त्यामानाने पीएचडीच्या काळातली स्थिती बरी आहे: नेटमध्ये जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३च्या जानेवारीपासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय घरभाडे.

चौथ्या वर्षाचं काय करायचं? तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांची एमएस्सी करा, किंवा चार वर्षं ऑनर्स करून एका वर्षाची एमएस्सी करा, वेळ सारखाच. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट नेट देऊन पीएचडीकडे जाण्याची मुभा यूजीसीने २०२४मध्ये दिली. अमेरिकेत जायचं असेल तरही चार वर्षांची पदवी सोयीची पडते. मात्र जाहिरातीत ‘पदव्युत्तर पदवी’ लिहिलं असेल तर ऑनर्स चालणार नाही, ती पदवीच. आणि ज्या कॉलेजात संशोधनाची काहीच सोय नाही, तिथे चौथं वर्ष ‘ऑनर्स विथ रिसर्च’ म्हणून काढण्यापेक्षा तीन वर्षांनी बाहेर पडून चांगल्या विभागात एमएस्सीला जाणं मी पसंत करेन.

एक आडवाटही सांगून ठेवतो. पेटंट कायद्याच्या कलम १२६नुसार विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असलेला, २१ वर्षांचा भारतीय नागरिक पेटंट कार्यालयाची परीक्षा देऊन पेटंट एजंट होऊ शकतो. एलएलबी लागत नाही. ज्याला विज्ञान कळतं, लिहायला आवडतं आणि प्रयोगशाळेत उभं राहायचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी हे काम आहे.

प्रवेशाच्या आठवड्यात कॉलेजात गेलात तर ऑफिसच्या खिडकीवरून माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. त्या विषयाचे किती शिक्षक कायम आहेत, हे विचारा. माहितीपत्रकात छापलेल्या मायनर विषयांपैकी प्रत्यक्षात किती चालतात, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी दहा छापलेले असतात आणि दोनच चालतात. मग प्रयोगशाळेत डोकवा. ब्युरेटच्या नळ्या किती, वजनाचा काटा चालू आहे का, सूक्ष्मदर्शकांवर धूळ आहे का. लॅब असिस्टंट भेटले तर त्यांच्याशी दोन मिनिटं बोला, ते प्राचार्यांपेक्षा खरं सांगतात. टीवायच्या एखाद्या मुलीला गाठून विचारा की प्रॅक्टिकल रोज होतं का, की परीक्षेच्या आधी पंधरा दिवसांत सगळं उरकतात. जवळच्या गावात दोन कॉलेजं असतील तर दोन्हीकडे जा. एसटीच्या पासाचे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण ज्या प्रयोगशाळेत ब्युरेट हातात मिळते तिथेच नाव घाला.